जुन्या जीपच्या स्टेअरिंग यंत्रणेची सुधारणा

जुन्या जीपच्या स्टेअरिंग यंत्रणेची सुधारणा म्हणजे विलीज नमुन्याच्या जीप व तत्सम चारचाक-चालित वाहनांमधील स्टेअरिंगचे झिजलेले सुटे भाग बदलणे आणि आवश्यकतेनुसार त्यांच्या जागी अधिक टिकाऊ किंवा अधिक अचूक भाग बसविणे होय. महाराष्ट्रात या नमुन्याची वाहने प्रामुख्याने महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने तयार केली. शेती, वनविभागातील कामे, ग्रामीण प्रवासी वाहतूक आणि हौशी भटकंती यांसाठी ती अनेक दशके वापरात राहिली आहेत. स्टेअरिंग यंत्रणा ही एकामागून एक जोडलेल्या भागांची साखळी असते. तिच्यातील एकच भाग बलवान केल्यास ताण पुढच्या दुबळ्या भागावर जातो, म्हणून सुधारणेत भागांच्या निवडीइतकेच कामाच्या क्रमाला महत्त्व असते.

पार्श्वभूमी

विलीज एमबी ही जीप दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झाली. युद्धानंतर तिचे नागरी वापराचे नमुने 'सीजे' या नावाने निघाले. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे आयात सुट्या भागांपासून जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्यांचे उत्पादन देशातच होऊ लागले. उंच बॉनेटची सीजे-३बी हा नमुना अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात तयार झाला. भारतात मात्र त्याच धाटणीच्या जीप त्यानंतरही दीर्घकाळ निघत राहिल्या. त्यामुळे १९४० च्या दशकात आखलेली स्टेअरिंगची रचना भारतीय रस्त्यांवर अनेक पिढ्या टिकून राहिली.

ही रचना कमी वेगासाठी आणि अरुंद टायरसाठी योग्य होती. मूळ जीपला ६.०० × १६ मापाचे टायर असत. पुढे रस्ते सुधारले, वेग वाढला, अधिक शक्तीची डिझेल इंजिने आणि रुंद टायर बसविले जाऊ लागले. स्टेअरिंगचे भाग मात्र अनेक वाहनांत तेच राहिले.

मूळ यंत्रणेची रचना

चालकाने स्टेअरिंग फिरविले की त्याचा दांडा स्टेअरिंग बॉक्समधील मळसूत्री खोबणीचा दंडगोल फिरवतो. या खोबणीत तरफेच्या टोकावरील निमुळत्या खुंट्या बसलेल्या असतात. दंडगोल फिरला की खुंट्या खोबणीतून सरकतात, तरफ हलते आणि बॉक्सबाहेरील पिटमन आर्म पुढे-मागे होतो. ही 'कॅम आणि तरफ' प्रकारची रचना रॉस या अमेरिकी कंपनीची होती.

पिटमन आर्मची हालचाल ड्रॅग लिंक या लांब दांड्याने बेल क्रँककडे जाते. बेल क्रँक ही कोनात वळलेली तरफ असून ती एका उभ्या खुंटीवर फिरते आणि पुढे-मागे होणाऱ्या गतीचे डाव्या-उजव्या गतीत रूपांतर करते. तेथून टायरॉड चाकांच्या नकल्सना वळवितात. प्रत्येक नकल किंगपिनच्या वरच्या व खालच्या बेअरिंगवर फिरते. या सर्व सांध्यांत थोडी थोडी ढिलाई आली तरी तिची बेरीज चालकाच्या हातात येते. यांत्रिकांच्या भाषेत या मोकळ्या फिरण्याला 'प्ले' म्हणतात.

झीज आणि तिची कारणे

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका हे अशा वाहनांवर पडणाऱ्या ताणाचे एक बोलके उदाहरण आहे. पांढरकवडा हे या तालुक्याचे मुख्यालय असून पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७, म्हणजेच आताचा राष्ट्रीय महामार्ग ४४, येथून पाटणबोरीमार्गे पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबादकडे जातो. महामार्ग सोडताच कापसाच्या शेतांकडे जाणाऱ्या काळ्या मातीच्या पांदण वाटा लागतात. पांढरकवड्याजवळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचे टिपेश्वर अभयारण्य आहे. त्यामुळे एकाच दिवसात वाहनाला महामार्गावरील वेग आणि चिखलातील संथ ओढ असे दोन्ही ताण सहन करावे लागू शकतात.

काळी माती ओली झाली की चिकट होते आणि चाकांना व सांध्यांना धरून राहते. सुकल्यावर तिच्यात खोल चाकोऱ्या पडतात. चाकोरीतून बाहेर पडताना चाकाच्या बाजूवर येणारा दाब टायरॉड आणि बेल क्रँकवर उलट दिशेने पोहोचतो. सांध्यांवरील रबरी टोप्या फाटलेल्या असतील तर चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जाते आणि मातीचे बारीक कण बॉल जॉइंटला कानशीप्रमाणे घासत राहतात. उन्हाळ्यातील कडक ऊन रबर कडक करून त्याला भेगा पाडते.

पुढील चाकांची थरथर

ढिल्या यंत्रणेचे सर्वांत धोकादायक लक्षण म्हणजे विशिष्ट वेगात पुढील चाके अचानक जोराने डावी-उजवीकडे थरथरू लागणे. खड्डा किंवा पुलाचा सांधा ओलांडताना बसलेला धक्का हे बहुधा निमित्त असते. मूळ कारण सांध्यांतील ढिलाई, असंतुलित चाके किंवा चुकलेला कॅस्टर कोन यांत असते. एकदा सुरू झालेली थरथर वेग बराच कमी होईपर्यंत थांबत नाही. अशा वेळी स्टेअरिंग घट्ट पण न झटकता धरून, ॲक्सिलरेटर सोडून, हळूहळू ब्रेक लावत वाहन थांबविणे योग्य ठरते.

तपासणी

कोणताही नवा भाग घेण्यापूर्वी प्ले नेमका कोठे आहे हे शोधणे आवश्यक असते. वाहन सपाट जागी उभे करून, इंजिन बंद ठेवून एका व्यक्तीने स्टेअरिंग थोडे डावे-उजवे हलवावे आणि दुसरीने समोरून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे, ही पद्धत साधी आणि विश्वसनीय आहे. ज्या सांध्याचा एक भाग हलतो पण दुसरा लगेच हलत नाही, तो सांधा झिजलेला असतो. बॉक्सचे बोल्ट ढिले असतील किंवा चासीला तडा असेल, तर संपूर्ण बॉक्सच हलताना दिसतो.

त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून, वाहन मजबूत टेकूवर ठेवून चाक वर-खाली धरून हलवतात. अशा वेळी ढिलाई जाणवल्यास दोष किंगपिनच्या किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. मदतनीसाने ब्रेक दाबून धरल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आणि ती कायम राहिली तर किंगपिनचा असतो.

सुधारणेचे टप्पे

सांधे आणि किंगपिन

पहिला टप्पा मूळ रचना पूर्ववत घट्ट करण्याचा असतो. झिजलेले टायरॉड एंड जोडीने बदलले जातात, किंगपिनची बेअरिंग नवी घालून पातळ शिमच्या साहाय्याने त्यांचा ताण उत्पादकाच्या मापाप्रमाणे जुळवतात. प्रत्येक किल्लीनटाला नवी स्प्लिट पिन लावली जाते. अनेक वाहनांत एवढ्याच कामाने बहुतांश प्ले जातो.

बेल क्रँक

बेल क्रँकची खुंटी आणि तिचे बेअरिंग हा मूळ रचनेतील सर्वाधिक झिजणारा भाग मानला जातो. नवी खुंटी, नवे बेअरिंग आणि चिखल रोखणारी सील बसविल्याने मूळ रचना कायम ठेवूनही मोठा फरक पडतो. मूळ स्वरूपात वाहन जतन करू इच्छिणारे मालक सहसा येथेच थांबतात.

चाकांची जुळणी

किंगपिनचा आस वरच्या बाजूस किंचित मागे कललेला असतो. या कोनाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात. विलीज जीपसाठी हा कोन सुमारे ३ अंश, तर चाकांचा टो-इन सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर ठरविलेला होता. पाटे दबले किंवा वाहन उंच करण्यासाठी बदलले की कॅस्टर बदलतो. तो पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी घालून दुरुस्त करता येतो. वाहन उंच केल्यास ड्रॅग लिंक अधिक तिरपी होते आणि प्रत्येक खड्ड्यात एक्सल वर-खाली होताना स्टेअरिंग आपोआप वळू लागते. म्हणून उंची वाढविण्याचा निर्णय स्टेअरिंगचा विचार केल्याशिवाय घेता येत नाही.

स्टेअरिंग बॉक्स

कॅम आणि तरफ प्रकारच्या बॉक्समध्ये धातूवर धातू घासतो. वाहन बहुतेक वेळ सरळ चालत असल्याने खोबणीचा मधला भाग आधी झिजतो. मधला प्ले घालविण्यासाठी स्क्रू आवळला तर वळणावर बॉक्स जखडतो. ही झीज केवळ समायोजनाने भरून निघत नाही. रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारच्या बॉक्समध्ये मळसूत्र आणि नट यांच्यामधून पोलादी गोळ्या फिरतात. घर्षण घसरणीऐवजी लोळणीचे असल्याने स्टेअरिंग हलके होते आणि झीज कमी होते. अमेरिकेतील सीजे मालिकेत १९७२ पासून असा बॉक्स कारखान्यातूनच देण्यात येऊ लागला.

बॉक्स बदलताना जुना एकसंध दांडा काढून त्याजागी युनिव्हर्सल जॉइंट असलेला तुकड्यांचा दांडा वापरता येतो. मूळ रचनेत बॉक्सपासून चालकाच्या छातीच्या दिशेने येणारा दांडा अखंड असे आणि समोरासमोरच्या धडकेत तो मागे ढकलला जाण्याचा धोका होता. सांधे असलेला व दबणारा दांडा हा धोका कमी करतो.

पॉवर स्टेअरिंग

पॉवर स्टेअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने चाके वळविण्यास मदत होते. भारतात अशा यंत्रणा बनविणाऱ्या उद्योगांत पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथील झेडएफ स्टेअरिंग गिअर (इंडिया) या कंपनीचा समावेश होतो. हलकेपणा हा पॉवर स्टेअरिंगचा लाभ असला तरी ढिलाईवर तो उपाय नाही. उलट यंत्राची ताकद वाढल्याने झिजलेल्या सांध्यांची जाणीव हाताला होत नाही आणि बॉक्स जेथे बसविला आहे तेथे चासीला तडे जाण्याची शक्यता वाढते. म्हणून आधी सांधे घट्ट करून, चासीला आतून-बाहेरून पट्ट्यांचा आधार देऊन मगच हा बदल केला जातो.

स्टेअरिंग डँपर

डँपर हा शॉक ॲबसॉर्बरसारखा भाग टायरॉडला आडवा जोडतात. तो चाकांवरील अचानक धक्के मंदावतो. ढिल्या यंत्रणेवर डँपर लावल्यास थरथर काही काळ झाकली जाते, पण दोष वाढत राहतो. त्यामुळे तो शेवटचा टप्पा मानला जातो.

टाळावयाच्या पद्धती

वाकलेला टायरॉड तापवून सरळ करणे किंवा तुटलेला पिटमन आर्म वेल्डिंग करून पुन्हा वापरणे धोकादायक आहे. हे भाग घडीव व उष्णतेने विशिष्ट कठीणपणा दिलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने तो गुण नष्ट होतो आणि भाग पूर्वसूचना न देता तुटू शकतो. ब्रेक निकामी झाल्यास गिअरच्या साहाय्याने वेग कमी करता येतो. स्टेअरिंगचा सांधा तुटल्यावर मात्र चालकाच्या हातात पर्याय उरत नाही.

कायदेशीर तरतुदी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टेअरिंगवरील प्ले ३० अंशांपेक्षा अधिक असू नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर ३० अंश म्हणजे सुमारे १०.५ सेंटिमीटर होतात. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, सुस्थितीतील यंत्रणेत प्ले याहून बराच कमी असतो. युद्धकाळातील जीप डाव्या स्टेअरिंगच्या असल्याने त्यांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२० लागू होते. त्यानुसार अशा वाहनावर विहित प्रकारचे संकेत देणारे चालू स्थितीतील साधन असणे बंधनकारक आहे.

याच अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वाहन वेगळे होईल असा बदल करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेला भाग त्याच प्रकारच्या नव्या भागाने बदलणे ही देखभाल आहे. निराळ्या प्रकारचा बॉक्स, पॉवर स्टेअरिंग किंवा डाव्या बाजूचे स्टेअरिंग उजवीकडे नेणे यांसारख्या बदलांपूर्वी संबंधित परिवहन कार्यालयाकडून लेखी खात्री करून घेणे हिताचे असते. यवतमाळ जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-२९ या क्रमांकाने होते.