दुर्बिणीच्या नव्या माउंटला पाना लावावा का?

दुर्बीण विकत घेताना बहुतेकांचे लक्ष आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाकडे असते. ती ज्यावर बसते त्या बैठकीचा, म्हणजेच खगोलप्रेमींच्या बोलीतील ‘माउंट’चा विचार मागाहून होतो. तारे नुसते डोळ्यांनी पाहणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. आकाशाची छायाचित्रे घेणाऱ्याचे मात्र सारे यश माउंटवरच अवलंबून असते आणि पुष्कळदा सर्वाधिक पैसाही त्यातच गुंतलेला असतो. अशा हौशी मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो. कारखान्यात भरलेले ग्रीस जाडेभरडे असते, जुळणी ढोबळ असते; तेव्हा नवे माउंट हाती येताच ते पूर्ण उघडावे, धुऊन काढावे आणि चांगले ग्रीस भरून पुन्हा जोडावे. हा सल्ला मानावा का, याचे उत्तर माउंटच्या कामातच दडलेले आहे.

माउंट नेमके काय करते?

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात. एका अंशात ६० कला आणि एका कलेत ६० विकला असतात. या मापात आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला जातो आणि मोटर तो अक्ष याच वेगाने उलट दिशेने फिरवते. जर्मनीच्या फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डॉरपाट येथील वेधशाळेसाठी बनवलेल्या दुर्बिणीत हेच तत्त्व घड्याळाच्या यंत्राने साधले होते. आज त्या यंत्राची जागा मोटर आणि संगणकाने घेतली आहे, एवढाच फरक.

मोटरची गती अक्षापर्यंत पोहोचवण्याचे काम मळसूत्री दांडा व दंतचक्र ही जोडी करते. या दांड्याला ‘वर्म’ म्हणतात. वर्मची एक फेरी झाली की चक्र एका दाताने पुढे जाते. एचईक्यू-५ या प्रचलित माउंटच्या चक्राला १३५ दात असतात. त्यामुळे वर्मची एक फेरी सुमारे १० मिनिटे ३८ सेकंदांत होते. ईक्यू-६ च्या चक्राला १८० दात असल्याने तिथे हाच काळ सुमारे ८ मिनिटांचा असतो. वर्म किंचित जरी वेडावाकडा असला, तरी प्रत्येक फेरीत तारा थोडा पुढे आणि थोडा मागे सरकतो. याला आवर्ती त्रुटी म्हणतात.

प्रश्न मायक्रॉनचा

ही त्रुटी किती सूक्ष्म असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. चक्राची त्रिज्या ४५ मिलिमीटर धरली, तर एक विकला म्हणजे चक्राच्या कडेवर जेमतेम ०.२२ मायक्रॉन. दहा विकलांची त्रुटी म्हणजे सुमारे दोन मायक्रॉनचा दोष. दुसरीकडे, ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा जोडला, तर एक पिक्सेल जवळपास एक विकला आकाश टिपतो. म्हणजे दहा विकलांची त्रुटी ताऱ्याची दहा पिक्सेलची रेघ ओढते.

वर्मच्या घडणीतच असलेला दोन मायक्रॉनचा दोष घरच्या टेबलावर ग्रीस बदलून जात नाही. त्यासाठी वर्मच बदलावा लागतो. उलट, उघडलेल्या यंत्रात शिरलेला वीस मायक्रॉनचा धुळीचा कण नवी त्रुटी निर्माण करू शकतो.

मग या सल्ल्याला काहीच आधार नाही का? आहे. स्वस्त माउंटमध्ये कधी धातूचा कीस राहून गेलेला असतो, कधी बेअरिंग गरजेपेक्षा जास्त आवळलेले असते, तर कधी ग्रीस चिकट असते. अशी माउंट उघडून साफ केल्यावर सुधारल्याचा अनुभव अनेक हौशी निरीक्षकांना आला आहे. मात्र जे दोष साफसफाईने जातात, ते आपल्या माउंटमध्ये आहेत की नाहीत, हे न उघडताही तपासता येते.

आधी परीक्षा

पहिली परीक्षा हाताची. वीज बंद ठेवून दोन्ही अक्षांचे क्लच सैल करावेत आणि अक्ष पूर्ण फेरी फिरवून पाहावा. तो सर्वत्र सारख्याच सहजतेने फिरला पाहिजे. एखाद्या जागी अडत असेल वा खरखरत असेल, तर आत दोष असण्याची शक्यता आहे. नंतर क्लच आवळून वजनाची दांडी हलकेच मागेपुढे हलवावी. ‘टक टक’ जाणवली, तर वर्म आणि चक्र यांच्यात जास्त फट आहे.

दुसरी परीक्षा रात्रीची. गाइडिंगचा कॅमेरा लावून, पण दुरुस्तीच्या आज्ञा बंद ठेवून एका ताऱ्याची हालचाल अर्धा तास नोंदवावी. ‘पीएचडी-२’ या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. वर्मच्या फेरीइतक्याच काळाने संथ लाट उमटत असेल, तर ती घडणीतील त्रुटी होय; गाइडिंग वा माउंटमधील नोंदवलेली दुरुस्ती ती बव्हंशी झाकते. तारा उत्तर-दक्षिण दिशेने सावकाश एकाच बाजूला सरकत असेल, तर अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला नाही. यंत्र निर्दोष आहे. अचानक येणाऱ्या उड्यांमागे बहुधा वारा, लोंबणारी केबल किंवा चुकलेला तोल असतो. दर काही सेकंदांनी येणारी टोकदार करवत मात्र लहान दंतचक्रांकडे किंवा आतील कचऱ्याकडे बोट दाखवते.

महाराष्ट्रातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंशांवर दिसतो. इमारतींमागे किंवा धुरकटीत तो अनेकदा हरवतो. परिणामी अक्ष रोखण्यातच चूक राहते आणि दोष मात्र माउंटच्या माथी मारला जातो.

पाना किती फिरवावा?

फट जास्त आढळली, तरी माउंट उघडावे लागत नाही. बहुतेक माउंटमध्ये वर्म पुढेमागे सरकवणारे स्क्रू बाहेरूनच हाती लागतात. ॲलन कीने ते एका वेळी फेरीच्या आठव्या भागाहून जास्त फिरवू नयेत. फट पूर्ण नाहीशी करण्याच्या नादात दाते एकमेकांत जाम होतात, मोटर अडखळते आणि आजार औषधाहून बरा होता असे वाटू लागते.

तापमानाचेही भान हवे. माउंटचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो, तर अनेकांतील चक्र पितळी असते. थंडीत ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे फट आणखी कमी होते. पुण्यातील खोलीत घट्ट बसवलेला वर्म लडाखमधील हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवरच्या गोठवणाऱ्या रात्री अडकू शकतो. तिथे जाड ग्रीसही आणखी घट्ट होते. अशा थंडीत नियमित काम करणाऱ्याने ग्रीस बदलण्याचा विचार करणे रास्त आहे. वांगणी किंवा माळशेजच्या हिवाळ्यासाठी त्याची घाई नाही.

हमी आणि पुरावा

नव्या माउंटमध्ये दोष आढळला, तर तो दूर करणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष मालाबाबत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे दाद मागता येते. ग्राहकाने स्वतः उघडलेल्या यंत्रातील दोष मूळचाच होता, हे सिद्ध करणे मात्र अवघड जाते. म्हणून बिल, खोके उघडतानाचे चित्रण आणि ताऱ्याच्या हालचालीचा आलेख जपून ठेवावा. परदेशातून स्वतः मागवलेल्या माउंटची गोष्ट वेगळी. दहा ते सतरा किलोंचे यंत्र परत पाठवण्याचा खर्च पाहता तिथे स्वतः दुरुस्ती करणे कधी कधी शहाणपणाचे ठरते.

उघडायचेच झाले, तर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, वॉशरचा क्रम लिहून ठेवावा, क्लचच्या पृष्ठभागांना ग्रीस लागू देऊ नये आणि वीज चालू असताना मोटरची जोडणी काढू नये. गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेल्या स्ट्रेन वेव्ह गिअरच्या माउंटना तर हात लावूच नये; त्यांची लवचीक चक्रे घरी जुळवता येण्याजोगी नसतात.

थोडक्यात, ग्रीस वाईट असल्याची ऐकीव माहिती हे नवे माउंट उघडण्याचे कारण होऊ शकत नाही. परीक्षेत सापडलेला निश्चित दोष हे कारण होऊ शकते. तो सापडला, तर हमीच्या काळात विक्रेता आणि हमी संपल्यावर पाना, हा क्रम योग्य. आणि नाही सापडला, तर निरभ्र रात्र यंत्र उघडण्यात घालवू नये. पावसाळ्याचे चार महिने वजा जाता आपल्याकडे तशा रात्री मोजक्याच मिळतात.