करारपद्धतीचे कुक्कुटपालन : मालकी, नफा आणि नैतिक जबाबदारी

प्रस्तावना

परिव्यय लेखांकनाच्या तासाला ‘सामान्य नुकसान’ ही संकल्पना शिकविताना प्रस्तुत लेखक वाटेत उडून जाणाऱ्या रसायनाचे ठरीव उदाहरण देत असे. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने त्याहून नेमके उदाहरण दिले. तो म्हणाला, “सर, आमच्या शेडमध्ये पाच टक्के मरतूक सामान्य धरतात. त्याच्यावर गेली की आमच्या पैशातून कापतात.” लेखांकनाच्या दृष्टीने उत्तर निर्दोष होते. वर्गात त्याचे कौतुकही झाले. परंतु त्या दोन वाक्यांत दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. जिवंत प्राण्याच्या मृत्यूला ‘सामान्य’ कोणी ठरविले, हा पहिला. आणि पक्षी जर कंपनीचे, तर त्यांच्या मृत्यूची किंमत शेतकऱ्याने का मोजावी, हा दुसरा.

प्रस्तुत लेखात मांसल कोंबड्यांच्या, म्हणजे ब्रॉयलरच्या, करारपद्धतीच्या आधारे या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध पाहण्याचा प्रयत्न केला आहे. आधुनिक पशुपालनातील क्रौर्याविषयी जे लिहिले जाते त्याचा रोख बहुधा माणसाच्या निर्दयतेवर असतो. शेडवर जाऊन पाहिले असता निर्दय माणूस सहसा भेटत नाही. रात्री दोनदा उठून पिल्लांचे ब्रूडर पाहणारी गृहिणी भेटते, उन्हाळ्यात जाळ्यांना ओले गोणपाट बांधणारा तरुण भेटतो. तरीही पक्ष्याच्या वाट्याला यातना येतात. त्या कोठून येतात, हे समजण्यासाठी व्यवहाराची रचनाच तपासावी लागते.

संगोपनाकडून उत्पादनाकडे

ब्रिटनमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला रेचल कार्सन यांची प्रस्तावना होती. पिंजऱ्यातील कोंबड्या व अंधाऱ्या गोठ्यातील वासरे यांचे त्यातील वर्णन वाचून लोकमत इतके प्रक्षुब्ध झाले की शासनाला प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने १९६५ च्या अहवालात प्राण्याला वळता यावे, अंग साफ करता यावे, उठता यावे, बसता यावे आणि हातपाय ताणता यावेत, एवढीच मागणी केली. आज ती फारच माफक वाटते. परंतु एवढेही मागावे लागले, यातच त्या काळच्या उद्योगाचे चित्र स्पष्ट होते. पुढे १९७९ मध्ये ब्रिटनच्याच पशुकल्याण परिषदेने मांडलेली ‘पाच स्वातंत्र्ये’ (भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भय यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मुभा) या विचारातूनच विकसित झाली.

या बदलाचे सर्वांत उपयुक्त विश्लेषण अमेरिकन तत्त्वज्ञ बर्नार्ड रोलिन यांनी केले आहे. त्यांच्या मते पारंपरिक संगोपनात मालकाचे हित आणि जनावराचे हित एकमेकांत गुंतलेले होते. गाय उपाशी ठेवली तर दूध आटते, बैल आजारी पडला तर पेरणी खोळंबते; म्हणून स्वार्थी माणसालाही जनावर सांभाळावेच लागे. प्रतिजैविके आणि लसी आल्यावर हा सांधा निखळला. जनावराला न मानवणाऱ्या परिस्थितीतही ते जिवंत राहू लागले, वाढू लागले आणि नफा देऊ लागले. रोलिन यांचे हे विवेचन तंत्रज्ञानापुरते आहे. आपल्याकडील ब्रॉयलर व्यवसायात निखळलेला दुसरा सांधा मालकीचा आहे. तो तंत्रज्ञानाने निखळलेला नाही. तो कराराने निखळला आहे.

कराराची रचना

भारतात ब्रॉयलरची करारपद्धती प्रथम तामिळनाडूतील कोइमतूर परिसरात १९९० च्या दशकात रुजली व नंतर महाराष्ट्रासह अन्य राज्यांत पसरली. तिचे स्वरूप सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते. कंपनी एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे व देखरेख पुरविते. शेतकरी जागा, शेड, वीज, पाणी, गादीसाठी भाताचे तूस आणि कुटुंबाचे श्रम पुरवितो. सुमारे चाळीस दिवसांनी पक्षी साधारण दोन किलोचे झाले की कंपनीची गाडी येते आणि पक्षी उचलून नेते. शेतकऱ्याला किलोमागे संगोपन शुल्क मिळते. मागे उरलेले कोंबडीखत बहुतेक ठिकाणी त्याचे असते, आणि हिशेबात ते वाटते तितके क्षुल्लक नसते.

शुल्काची आकारणी हाच या रचनेचा कणा होय. पिल्ले, खाद्य, औषधे यांची एकूण किंमत काढून तिला विकलेल्या वजनाने भागले जाते आणि येणारा उत्पादनखर्च कंपनीने ठरविलेल्या प्रमाणित खर्चाशी ताडून पाहिला जातो. खर्च कमी आला तर प्रोत्साहनपर रक्कम, अधिक आला तर कपात. येथे लेखांकनाच्या प्राध्यापकाला एक गोष्ट तत्काळ खटकावी. पिल्लाची व खाद्याची किंमत बाजारात ठरत नाही. ती कंपनी स्वतःच्या वहीत ठरविते. पिल्लू अशक्त निघाले किंवा खाद्याचा दर्जा उतरला तरी त्याचा परिणाम मरतुकीत आणि खाद्य-रूपांतराच्या गुणोत्तरात दिसतो. आणि ही दोन्ही परिमाणे शेतकऱ्याच्या कामगिरीची मानली जातात.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. बाजारभावाची जोखीम करारात कंपनीकडे जाते, आणि ही सवलत लहान नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा आणि २०२० च्या प्रारंभी कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा पसरली तेव्हा भाव अक्षरशः कोसळले. स्वतःचे पक्षी बाळगणारे अनेक शेतकरी त्या तडाख्यात उद्ध्वस्त झाले. करारातील शेतकरी भावाच्या तडाख्यातून वाचतो. मात्र मंदीच्या काळात कंपनी पुढची पिल्ले टाकावयाचे लांबविते, शेड रिकामे राहते आणि बँकेचा हप्ता चालूच राहतो. पिल्ले केव्हा यावीत, पक्षी केव्हा जावेत, त्यांना काय खावयास द्यावे, त्यांची जात कोणती असावी, यांपैकी एकही निर्णय त्याच्या हाती नसतो.

शरीरात रुजविलेला नफा

पशुकल्याणाच्या चर्चेत जागेचा प्रश्न अग्रभागी असतो. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या पिंजरा पद्धतीत तो खरोखरच अग्रभागी हवा. आपल्याकडे एका कोंबडीच्या वाट्याला टंकलेखनाच्या कागदाहूनही लहान जागा आली आहे. ब्रॉयलरचे तसे नाही. आपल्याकडील उघड्या, जाळीच्या शेडमध्ये पक्ष्यामागे सुमारे एक चौरस फूट जागा दिली जाते. ही दाटी युरोपातील अनेक बंदिस्त शेडमधील दाटीपेक्षा कमी भरते. ब्रॉयलरचा तुरुंग त्याच्या शरीराबाहेर नाही, शरीरातच आहे.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ या वर्षांच्या ब्रॉयलर वाणांना एकच खाद्य देऊन वाढविले व २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५६ व्या दिवशी त्यांचे सरासरी वजन अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम भरले. खाद्य तेच, दिवस तेवढेच. वजन चौपटीहून अधिक. ही वाढ संप्रेरकांची इंजेक्शने देऊन होते, असा समज सुशिक्षित वर्गातही आहे. तो चुकीचा आहे. वाढ निवडपैदाशीतून आली आहे. स्नायूंच्या या वेगाशी हाडे, हृदय व फुप्फुसे यांचा मेळ बसत नाही. ब्रिटनमध्ये ५१,००० पक्ष्यांच्या पाहणीत (२००८) सरासरी ४० दिवसांच्या वयात २७.६ टक्के पक्ष्यांची चाल बिघडलेली आढळली आणि ३.३ टक्के पक्षी जवळजवळ चालूच शकत नव्हते.

आपल्याकडे या शरीराची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. धापा टाकून ती अंगातील उष्णता बाहेर टाकते. जलद वाढणारा पक्षी अधिक खातो, म्हणून अधिक उष्णता निर्माण करतो, आणि विक्रीला तयार झालेला सर्वांत वजनदार पक्षीच उष्म्याने प्रथम मरतो. शेतकरी पत्र्यावर चुना मारतो, फवारे लावतो, दुपारी खाद्य उचलतो. अशा वेळी वीज गेली तर हे उपायही तोकडे पडतात. त्या दुपारी मेलेले पक्षी वहीत शेतकऱ्याची मरतूक म्हणून लिहिले जातात. वस्तुतः त्या मृत्यूचे अर्धे कारण जातीच्या निवडीत असते, आणि ती निवड ज्याने केली त्याच्या वहीत हा मृत्यू उमटत नाही.

याहून क्लेशकारक स्थिती या ब्रॉयलरच्या माता-पित्यांची असते. ग्राहकाने त्यांना कधी पाहिलेले नसते. मांसासाठीचे पक्षी सहा आठवड्यांत संपतात, परंतु पैदाशीचे पक्षी वर्षाहून अधिक काळ जगवावे लागतात. त्यांच्याही अंगात तीच अनावर भूक असते. मनसोक्त खाऊ दिले तर ते इतके स्थूल होतात की प्रजनन बिघडते आणि लवकर मरतात. म्हणून वाढीच्या काळात त्यांना भुकेच्या निम्म्याहूनही कमी खाद्य दिले जाते. भरपेट दिले तर रोग, मोजून दिले तर आयुष्यभराची भूक. पशुवैद्यकाकडे या पेचावर उत्तर नाही, कारण पेच त्या पक्ष्याच्या घडणीतच आहे.

हिशेबाबाहेरचा खर्च

प्रतिजैविकांची गोष्टही याच हिशेबातून निघते. लेडर्ले प्रयोगशाळेतील टॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना १९४० च्या दशकाअखेरीस असे आढळले की ऑरिओमायसिनच्या निर्मितीत उरणारा चोथा खाद्यात मिसळला तर पिल्ले अधिक वेगाने वाढतात. औषध रोगासाठी न वापरता वजनासाठी वापरण्याची प्रथा येथून पडली. १९६९ च्या ब्रिटिश स्वान समितीने धोक्याचा इशारा दिला, स्वीडनने १९८६ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघाने २००६ च्या प्रारंभापासून. आपल्याकडे विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील ७० नमुने तपासले असता ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन हे माणसांसाठी जवळपास अखेरचे औषध; त्याला दाद न देणारे व इतर जिवाणूंत संक्रमित होऊ शकणारे जनुक चीनमध्ये आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने खाद्यप्राण्यांसाठी त्याची निर्मिती व विक्री जुलै २०१९ मध्ये प्रतिबंधित केली. मधल्या काळात ते पक्ष्यांच्या खाद्यात मिसळले जातच होते.

अल्प मात्रेत सतत दिलेल्या औषधातून तगलेले जिवाणू शेडपुरते राहत नाहीत. ते हाताळणाऱ्याच्या हातांवर, सांडपाण्यात आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत पडणाऱ्या कोंबडीखतात जातात. एखाद्या जिल्हा रुग्णालयात औषध लागू न पडलेल्या रुग्णाचा खर्च कोणत्याही बॅचच्या उत्पादनखर्चात मिळविला जात नाही. स्वस्त प्रथिन म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच्या स्वस्ताईचा काही भाग असा इतरांनी भरलेला असतो. हे प्रथिन गरिबाच्या ताटात पोहोचले हे खरे, आणि त्याला हलके लेखण्याचा हेतू नाही. भाव कोण भरतो एवढाच प्रश्न आहे.

ग्राहक, कायदा आणि मालक

ग्राहकाने विवेकाने खरेदी करावी, हा उपाय नेहमी सुचविला जातो. नेदरलँड्समध्ये तो काही अंशी फळला. तेथे जलद वाढणाऱ्या ब्रॉयलरला ‘प्लोफकिप’, म्हणजे फुगून फुटणारी कोंबडी, असे नाव पडले आणि जनमताच्या रेट्याखाली मोठ्या किराणा साखळ्यांनी २०२३ पर्यंत ताज्या मांसासाठी संथ वाढीच्या जातींचा स्वीकार केला. तेथे बदल झाला तो खरेदी करणाऱ्या मोठ्या साखळ्यांनी पैदाशीचा निर्णय बदलल्यामुळे. आपल्याकडे पक्षी प्रामुख्याने चौकातल्या दुकानात जिवंत विकला जातो. त्याच्यावर वेष्टण नसते, जात लिहिलेली नसते. फळ्यावर खडूने लिहिलेला किलोचा भाव एवढीच माहिती असते. ग्राहकाने निवडावयाचे ते कशातून?

उरतो कायदा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१अ(ग) ने १९७६ पासून सजीवांविषयी करुणा हे मूलभूत कर्तव्य मानले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूच्या निकालात पाच स्वातंत्र्यांना प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये आधार असल्याचे म्हटले. त्या निकालाचा शर्यतींसंबंधीचा भाग पुढे राज्यांच्या दुरुस्त्यांमुळे व २०२३ च्या घटनापीठाच्या निर्णयामुळे मागे पडला, आणि आपल्या राज्यातील चर्चा बैलगाडा शर्यतींभोवतीच फिरत राहिली. भारताच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात लेयर व ब्रॉयलर या दोहोंसाठी नियमांचे मसुदे दिले होते. २०२३ मध्ये अधिसूचित झालेले नियम अंडी घालणाऱ्या कोंबड्यांविषयी आहेत. मांसल पक्षी त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

अधिनियमातील पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, यावर हसण्याची प्रथा आहे. त्याहून महत्त्वाची बाब त्याच्या कलम ११ मध्ये आहे. प्राण्याला पुरेसे अन्न न देणे हा ‘मालकाचा’ अपराध आहे, आणि पोटकलम (२) अन्वये अपराध टळावा म्हणून वाजवी काळजी व देखरेख न ठेवणारा मालकही अपराधी मानला जातो. कलम २ मधील व्याख्येनुसार ज्याच्या ताब्यात प्राणी आहे तोही मालक ठरतो, म्हणून निरीक्षकाची पावले शेडकडे वळतात. परंतु त्याच व्याख्येत खरा मालक प्रथम येतो. आणि ब्रॉयलरचा खरा मालक कोण, याविषयी संदिग्धता नाही. पिल्ले, खाद्य व पक्षी ही सर्वकाळ कंपनीचीच मालमत्ता राहील, अशा अर्थाचे कलम करारपत्रात सामान्यतः असते. शेतकऱ्याने पक्षी परस्पर विकू नयेत म्हणून ते घातलेले असते. अधिनियमाच्या ११(२) शी ते जोडून वाचण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही.