आपली मते जातात. त्यांची येतात का?

युती-आघाडीच्या राजकारणात लहान पक्षाला जागा किती मिळाल्या, याची चर्चा फार होते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की लहान पक्षाची मते मोठ्या पक्षाला जातात, तशी मोठ्या पक्षाची मते परत येतात का?

रिपब्लिकन पक्षाचंच बघा. बाबासाहेबांना शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जागी सर्व समाजांना सामावणारा पक्ष हवा होता. त्यांच्या निधनानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी तो स्थापन झाला. पण युतीच्या टेबलावर त्याला विचारलं जातं ते एका समाजाच्या मतांसाठी. कल्पना सर्वांची, किंमत मात्र एकाच गठ्ठ्याची. खरी अडचण इथे आहे.

मते परत येऊच शकत नाहीत, असं मात्र नाही. १९९८ च्या लोकसभेला रिपब्लिकन गट एकत्र होते, काँग्रेसशी समझोता होता. प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे निवडून आले, आणि चौघेही खुल्या मतदारसंघांतून. एका समाजाच्या मतांवर हे घडत नाही. पुढे एकी टिकली नाही.

आता आपल्या जिल्ह्यात या. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर शिर्डी लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. २००९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर आठवले तिथे उभे राहिले आणि शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरेंकडून लाखाहून अधिक मतांनी हरले. राखीव जागेवर उमेदवार दलित असतो, पण बहुसंख्य मतदार इतर समाजांचे असतात. मित्रपक्षाची यंत्रणा गावागावांत मनापासून हलली नाही, तर राखीव जागाही अवघडच. पुढे २०११ मध्ये आठवले शिवसेना-भाजपसोबत गेले.

मग स्वतंत्र लढावं का? २०२४ ला शिर्डीत वंचित बहुजन आघाडीच्या उत्कर्षा रुपवते यांनी ९० हजारांच्या आसपास मते घेतली. वाकचौरे, यावेळी ठाकरे गटाकडून, साधारण ५० हजारांनी जिंकले. म्हणजे वंचितची मते विजयाच्या फरकाहून जास्त होती. ताकद मोजली गेली, पण जागा हाती आली नाही.

याच लोकसभा मतदारसंघातल्या नेवाशाचं उदाहरण उलटं आहे. २०१९ ला शंकरराव गडाख क्रांतिकारी शेतकरी पक्षाकडून आमदार झाले. विधानसभा त्रिशंकू होती. त्यांनी शिवसेनेला पाठिंबा दिला आणि ते कॅबिनेट मंत्री झाले. पक्षाचा आमदार एकच, पण मते एका तालुक्यात एकवटलेली. मात्र २०२० मध्ये तेही शिवसेनेत गेले. सत्तेत शिरणं जमलं, वेगळं राहणं जमलं नाही.

तिसरी गोष्ट चिन्हाची. मित्राच्या चिन्हावर लढलं, की प्रचार सोपा होतो. पण मते त्याच्या खात्यात जमा होतात आणि निवडून आलेला आमदार सभागृहात त्याच्याच व्हीपखाली येतो. लहान पक्षाच्या मान्यतेसाठी त्यातलं काहीच उरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी जागावाटप जाहीर झालं, की आकडा ऐकून थांबू नका. तीन गोष्टी विचारा : चिन्ह कोणाचं? एखादी खुली जागा दिली का? आणि मित्रपक्षाचे तालुक्यातले कार्यकर्ते त्या उमेदवारासाठी दारोदार फिरणार का? उत्तरं नकारार्थी असतील, तर ती भागीदारी नाही, मतांची उसनवारी आहे. आणि ही उसनवारी सहसा परत मिळत नाही.