वडूजच्या आजी-आजोबांनो, आश्विन चुकवू नका!

ज्येष्ठांनी सण घरात बसून का काढायचे? आपला खटाव तालुका त्यांच्यासाठी केवढा श्रीमंत आहे बघा!

9 सप्टेंबरला वडूजच्या हुतात्म्यांना अभिवादन. 1942 साली इथल्या कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे व त्यांचे साथीदार धारातीर्थी पडले. घरी ऐकलेल्या आठवणी ज्येष्ठांनी त्या दिवशी नातवंडांना जरूर सांगाव्यात.

पण माझा लाडका महिना आश्विन. कोजागरीला मसाला दूध, भेंड्या, जुनी भावगीतं. त्यानंतर पाचव्या दिवशी, वद्य पंचमीच्या सुमारास, औंधचा संगीत महोत्सव! पंडित अनंत मनोहर जोशी (अंतूबुवा) यांनी 1940 साली सुरू केलेला. आपल्या शेजारी, खेड्यात, मातब्बर गवई ऐकायला मिळतात. औंधला गेल्यावर यमाई देवीचं दर्शनही घ्यावं, पण गुडघे दुखत असतील तर डोंगरावरच्या देवळापर्यंत चढायचा अट्टहास नको. यमाईचं देऊळ खाली गावातही आहे.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ, नोटांच्या माळांनी मढलेला. गर्दी फार, म्हणून रथाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी जावं.

प्रवासाचं म्हणाल तर 75 वर्षांपुढच्यांना एसटी ऑगस्ट 2022 पासून मोफत, 65 ते 75 वयाला निम्मं तिकीट. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा.