मार खाल्लेली घोडी आणि सहा महिन्यांचा हिशेब

आमचा धंदा कापडाचा. मालेगावात ग्रे कापड आणि लुंगीचा व्यापार करता करता आमची तीस वर्षे गेली. घोड्याशी आमचा संबंध एवढाच की लहानपणी टांग्यात बसून उर्दू शाळेत जात होतो. मग कापडवाल्याने घोड्यावर का लिहावे, असे वाचकबंधू विचारतील. कारण असे की २०२४ साली एका घोडीत आमचे पैसे अडकले आणि त्या घोडीने आम्हाला धंद्यातली एक गोष्ट नव्याने शिकवली.

आमचा भाचा वरातीला घोडे भाड्याने देतो. त्याचा जुना घोडा थकला होता. डिसेंबर २०२३ मध्ये दत्तजयंतीच्या सुमारास तो सारंगखेड्याच्या यात्रेत गेला. तापीकाठचा हा घोडेबाजार फार जुना आहे. मारवाडी, काठेवाडी, उंच, देखणी जनावरे तिथे येतात. पण भाव ऐकून भाचा रिकाम्या हाताने परतला. जानेवारीत एकाने त्याला पांढरी काठेवाडी घोडी निम्म्याहून कमी भावात देऊ केली. विकणाऱ्याचे नाव आम्ही घेत नाही. अर्धे पैसे आम्ही घातले. "मामू, माल स्वस्तात मिळाला," असे भाचा म्हणाला आणि आम्हीही मान डोलावली.

त्याच संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही घोडी बघायला गेलो. कापड मोजायची लोखंडी पट्टी, ज्याला आम्ही जुने लोक अजून गजच म्हणतो, ती चुकून हातातच राहिली होती. आम्ही दारात पाऊल टाकले, घोडीने गज पाहिला आणि मागच्या भिंतीवर अंग आपटले. गुडघा सोलला, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, सगळे अंग थरथरत होते. आम्ही काही केले नव्हते. आमच्या हातात फक्त काठीसारखे काहीतरी होते.

पाठ वाचता आली पाहिजे

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातले नालबंद चाचा आले. त्यांची उमर घोड्यांत गेली आहे. त्यांनी पाय उचलला नाही की हत्यार काढले नाही. बराच वेळ लांबूनच बघत राहिले. मग म्हणाले, "घोडी मारकी नाही. घाबरलेली आहे. मारक्या जनावराचा इलाज वेगळा, घाबरलेल्याचा वेगळा."

त्यांनी आम्हाला घोडीची पाठ वाचायला शिकवली. मानेच्या मुळाशी, पाठीच्या उंचवट्यावर, काताखाली कातडी चिघळलेली होती आणि आसपास जुन्या जखमांचे वण होते. पांढऱ्या घोडीवर ते पटकन दिसत नाहीत. गडद रंगाच्या जनावरावर मात्र खोगिराची जखम भरली की तिथे बहुधा पांढरे केस येतात आणि ते जात नाहीत. गिऱ्हाइकाने ते ठिपके जुन्या खातेवहीसारखे वाचावेत. तंग बांधतात तिथे, पुढच्या पायांमागेही घासल्याच्या खुणा होत्या. ओठांचे दोन्ही कोपरे फाटून भरले होते. हे काटेरी लगामाचे काम, असे चाचा म्हणाले. खिळे किंवा टोके असलेला लगाम वापरणे आपल्या देशात मना आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे आणि ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. पण कायदा तबेल्यात रोज पहारा देत नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी दात तपासले, धार आलेल्या दाढा घासल्या, जंताचे औषध दिले आणि धनुर्वाताची सुई टोचली. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, हे आम्हाला तेव्हा कळले. त्यांनी सांगितले की नवी कातडी पक्की होईपर्यंत पाठीवर रुमालसुद्धा ठेवू नका. चारा दिवसभर थोडा थोडा द्या, घोड्याचे पोट लहान असते, ते रिकामे ठेवू नका. दुखणाऱ्या पाठीवर खोगीर चढवून तिला समजवायला जाणे म्हणजे कामगाराचे बोट मागात अडकलेले असताना त्याला शिस्त शिकवण्यासारखे आहे.

आमची घाई

फेब्रुवारीत जखम भरल्यासारखी दिसू लागली. शाबानमधल्या लग्नांचे दिवस होते. एका गिऱ्हाइकाने सुपारी आणली. भाचा कचरत होता. "घे," असे आम्हीच म्हटले. महिनाभर चारा खाऊन कमाई शून्य, हे आमच्या व्यापारी डोक्याला टोचत होते. चाचांना विचारले नाही.

तीन जणांनी घोडीला दाबून धरले, एकाने कान पिरगळला आणि भाच्याने जुने खोगीर चढवून तंग आवळला. घोडी दगडासारखी उभी राहिली. आम्ही खूष होऊन म्हणालो, बघा, कबूल झाली. कान सोडला आणि दुसऱ्याच क्षणी ती उसळली. खोगीर फिरून पोटाखाली गेले, त्याने ती आणखी बिथरली, दोर तुटला. भाच्याचे मनगट मोडले. घोडीच्या पाठीची नवी कातडी पुन्हा सोलली.

सुपारी परत केली. गिऱ्हाइकाने चार लोकांत जे सुनावले ते ऐकून घेतले. चूक आमची होती. चाचा रात्री आले आणि एवढेच म्हणाले, "गप्प उभे राहणे ही कबुली नसते. पळायला वाट नसली की जनावर गोठते."

बुडालेल्या खात्याचा व्यवहार

व्यापारात एखाद्या पार्टीने आपले पैसे बुडवले आणि ती पुन्हा दारात आली तर आपण काय करतो? एकदम गाडीभर माल देत नाही. एक तागा देतो, रोखीने. पैसे वेळेवर आले की दोन तागे. घोडीच्या बाबतीत बुडवणारी पार्टी माणूस होता. तेव्हा उधारी मागायचा हक्क आपला नव्हता, हप्ते आपण फेडायचे होते.

मार्चमध्ये रमजान सुरू झाला. सहेरीनंतर मोहल्ला शांत असतो. रोज त्याच वेळी, त्याच कपड्यांत भाचा गळ्यात बांधलेला हात घेऊन तबेल्यात जाऊन बसायचा. चाचांचे नियम साधे होते. समोरून किंवा शेपटीकडून जायचे नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण कपाळासमोरचे अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत, हळू जायचे. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तिने मान वळवली तर तिथेच थांबायचे.

मुख्य गोष्ट पुढे आहे. हात खांद्याला लावायचा आणि ती शांत असतानाच काढून घ्यायचा. ती दचकल्यावर हात काढला तर ती दचकायला शिकते. शांत असताना काढला तर शांत राहायला शिकते. हात निघणे हेच तिचे बक्षीस. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. इथे मजुरी त्याच क्षणी द्यावी लागते. उशीर झाला तर कशाची मजुरी मिळाली हे जनावराला कळत नाही.

खुणाही ओळखाव्या लागतात. मान उंच, शेपूट दाबलेली, श्वास अडकलेला, म्हणजे थांबा. मान खाली आली, ओठ चाटून तोंड चघळल्यासारखे हलवले, नाकातून लांब श्वास सोडला, मागचा एक पाय सैल टेकवला, म्हणजे बहुधा ताण उतरला. ईदच्या दोन दिवस आधी तिने पहिल्यांदा भाच्याच्या बाहीचा वास घेतला. भाच्याने हात पुढे केला नाही. सहा आठवड्यांतला तो पहिला हप्ता होता.

उर्दूत शिकलेल्या आमच्यासारख्याला इथे एक गोष्ट आठवली. घोड्याची निगा राखणारा साईस आणि राज्यकारभाराची सियासत हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूपासून आले आहेत. यूनानच्या झेनोफॉननेही ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोड्यावरच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले की रागाच्या भरात घोड्याशी वागू नये. म्हणजे ही गोष्ट नवी नाही, आपणच ती विसरतो.

रुमालापासून खोगिरापर्यंत

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी पाठ बघून परवानगी दिली. आता आमच्या दुकानाचा माल कामाला आला. चाचांनी मऊ सुती कापड मागितले. आधी रुमालाएवढा तुकडा तिच्या गव्हाणीजवळ टांगला, वास ओळखीचा व्हावा म्हणून. मग तो खांद्यावर ठेवायचा, काढायचा. डावीकडून जमले की उजवीकडून पहिल्यापासून सुरुवात. एका बाजूने शिकलेले घोडा दुसऱ्या बाजूने आपोआप मानत नाही. रुमालानंतर लुंगी, लुंगीनंतर चादर, चादरीनंतर घडी घातलेली गोधडी. कापड फडफडले तर पळायला जागा मोकळी ठेवलेली. ती दूर गेली तरी कोणी ओढत नव्हते. ती परत येत होती.

मग छातीभोवती सुती नवारीची पट्टी. बांधायची नाही, नुसती हाताने धरायची आणि सोडायची. तंगाची खरी भीती इथेच होती. या एका पायरीला तीन आठवडे लागले. दोनदा आम्हाला पुन्हा चादरीवर यावे लागले.

खोगीरभरती

तोवर जुने खोगीर आम्ही जिनाचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे नेले. त्याने ते उलटे करून दाखवले. आतली लाकडी चौकट एका बाजूने तडकली होती, भरतीचे गोळे झाले होते आणि मधली पोकळी बसून गेल्याने सगळे ओझे थेट कण्यावर येत होते. म्हणजे घोडीची तक्रार खरी होती. मराठीत निरुपयोगी भरण्याला खोगीरभरती म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याच्या पाठीवर खोगीर नव्हते. भरती सारखी आणि लवचीक असेल तरच वजन कण्याच्या दोन्ही बाजूंना वाटले जाते.

कारागिराने सांगितलेल्या तीन गोष्टी आमच्या कारागीर आणि घोडेवाल्या बंधूंनी लक्षात ठेवाव्यात. एक, स्वार बसल्यावरही पाठीचा उंचवटा आणि खोगीर यांच्यामध्ये दोन-तीन बोटे गेली पाहिजेत. दोन, काम झाल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा बघावा. ओल्या ठशात मध्येच कोरडा डाग असेल तर तिथे दाब जास्त आहे, जखम तिथेच होणार. तीन, खाली लोकरीचा नमदा किंवा जाड सुती कापड घालावे, ते घाम शोषते. स्वस्त नायलॉनचे कापड चमकते पण घाम पीत नाही, आणि त्याच्या सुरकुत्या घासतात. कापडवाला म्हणून हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो. कानपूरचे खोगीर परदेशात जाते, कारागिरी नावाजलेली आहे. पण कुठलेही खोगीर घ्या, आपल्या घोड्याची पाठ मोजून घ्या. दुसऱ्याच्या मापाचा कुर्ता आपण घालतो का?

नवे खोगीर आधी रकाबीशिवाय ठेवले. तंग एका वेळी एकच भोक आवळायचा, चार पावले चालवायचे, मग पुढचे भोक. नंतर रकाबी लटकवल्या, त्यांचा आवाज सवयीचा केला. मग कोंड्याचे हलके पोते. मग भाचा नुसता पोटावर आडवा. बकरी ईद झाल्यावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, भाचा पहिल्यांदा बसला. मोरकी चाचांच्या हातात होती, तोंडात लगाम नव्हता. घोडी दहा पावले चालली. आम्हाला वाटले, अंगणाला एक फेरी तरी व्हावी. चाचा म्हणाले, "उतर. खोगीर काढ. आजचा हिशेब चुकता कर." या वेळी आम्ही तोंड उघडले नाही.

नफा की नुकसान?

हा धंद्याचा रकाना आहे, तेव्हा हिशेब सांगणे भाग आहे. सहा महिन्यांचा चारा, डॉक्टर, नवे खोगीर, भाच्याचे मनगट आणि बुडालेली सुपारी धरली तर ही स्वस्त घोडी सारंगखेड्याच्या घोडीपेक्षा महाग पडली. शिवाय ढोल-ताशा आणि फटाक्यांच्या वरातीला भाचा तिला पाठवत नाही. सकाळी मुलांना घोडा शिकवायला ती जाते, आणि शांतपणे निघणाऱ्या एखाद्या नवरदेवाकडे. कमाई आहे, पण वरातीच्या घोड्याएवढी नाही. ज्याच्याकडे सहा महिने बिनकमाईचा चारा घालण्याची ऐपत आणि सब्र नसेल त्याने असे जनावर घेऊ नये.

घेण्याआधी पाठीवर हात फिरवून बघा, ओठांचे कोपरे बघा, विकणाऱ्याला आपल्यासमोर खोगीर चढवायला आणि उतरवायला सांगा. तो टाळत असेल तर भाव का कमी आहे ते समजा. आणि घेतलेच असेल, तर मागच्या मालकाचे कर्ज आता आपल्या खात्यावर आहे असे धरून चाला. ते छोट्या हप्त्यांनीच फिटते, आणि एक हप्ता चुकला तर मागचे चार बुडतात. आमचा फेब्रुवारीचा हप्ता असाच चुकला होता.

घोडी आता आमच्या हातचा गूळ घेते. गजाची भीती गेली की नाही, ते आम्ही तपासलेले नाही. तबेल्याकडे निघताना आम्ही गज दुकानातच ठेवून जातो.