वाहत्या पाण्यात कातळ धरणारा मासा

पैनगंगा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. उमरखेड तालुक्याच्या हद्दीवर, सहस्रकुंडाला ती काळ्या कातळावरून कोसळते. समुद्र इथून खूप दूर. पण लाटांच्या माऱ्यातल्या आणि नदीच्या ओढीतल्या लहान माशापुढे प्रश्न एकच असतो: पाय नसताना जागा धरायची कशी?

पैनगंगा वर्धेला मिळते आणि तिचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. या गोदावरी खोऱ्यातल्या कातळी प्रवाहांत गारा मुल्या हा वितीच्या आतला मासा राहतो. दख्खनच्या माशांचा अभ्यास करणाऱ्या कर्नल सायक्स यांनी 1839 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली.

त्याची पकड तीन गोष्टींवर चालते. पहिली, अंगाची ठेवण. पोट सपाट असल्याने तो खडकालगत बसतो. तिथे खडकाशी घासून पाण्याचा वेग मंदावलेला असतो. दुसरी, आडवे पसरलेले पर. छातीच्या परांची खालची कातडी जाड असते आणि ती खडकावर टेकते. तिसरी, हनुवटीवरची चकती. खालच्या ओठापासून बनलेल्या या चकतीच्या मध्यभागी मांसल गादी असते आणि मागची कड मोकळी असते. चकती दाबली की खालचे पाणी बाहेर निघते. मग गादी जरा वर ओढली गेली, की आतला दाब घटतो आणि बाहेरचे पाणीच चकतीला खडकावर दाबून धरते. टाइलवरचा रबरी हुक याच तत्त्वावर टिकतो. कड उचलली की पाणी आत शिरते, दाब सारखा होतो आणि मासा सुटतो. चकती तोंडाच्या मागे असल्यामुळे खडकावरचे शेवाळ खरवडायला तोंड मोकळे राहते.

समुद्रातल्या माशांनी हेच काम दुसऱ्या अवयवांवर सोपवले आहे. क्लिंगफिशची चकती पोटावर असते. तिच्या कडेवरचे सूक्ष्म केस खडकाच्या खाचाखोचांत बसतात, म्हणून ओबडधोबड पृष्ठभागावरही फट राहत नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक जात स्वतःच्या वजनाच्या दीडशेपटीहून अधिक ओढ सोसते. गोबी माशांचे पोटाखालचे दोन पर जुळून वाटी बनते. कोकणच्या खाड्यांतली निवटी याच गोतावळ्यातली.

जागा कुठलीही असो, चकतीची कड नीट टेकायला हवी. म्हणून कातळावर गाळाचा थर साचला की गारा माशाचे दुहेरी नुकसान होते: पकड सैल पडते आणि शेवाळही झाकले जाते. शेतातली काळी माती बांधावर अडवली, तर नदीतल्या या माशाचीही सोय होते.