वसंतातील सहल : गती कोणाची धरावी?

चैत्रात ऊन तापू लागले, की महाराष्ट्रातील अनेक आईवडील काही महिन्यांसाठी अमेरिकेतील मुलांकडे जातात. कॅलिफोर्नियात राहणारी मुले मग हौसेने योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबूत राहण्याचा बेत आखतात. बेत सुरेख असतो. परंतु तो बहुधा तरुण पायांच्या हिशेबाने आखलेला असतो. मग ज्येष्ठांपुढे दोनच पर्याय उरतात : दमछाक होईपर्यंत सर्वांच्या मागून चालणे किंवा गाडीत बसून सामान राखणे. पहिल्यात पडण्याचा धोका आहे, तर दुसऱ्यात मन खट्टू होते. थोडा विचार केल्यास दोन्ही टाळता येतात. कारण या दरीतील वसंताचे वैभव बरेचसे सपाट जमिनीवरूनच दिसते.

बर्फातून जन्मणारे धबधबे

आपल्याकडचे धबधबे पावसाचे, तर योसेमिटीचे प्रामुख्याने वितळणाऱ्या बर्फाचे. सिएरा नेव्हाडा पर्वतावरील हिम वसंतात वितळू लागते आणि मे महिन्याच्या सुमारास धबधबे भर जोमात असतात. तीन टप्प्यांत २,४२५ फूट कोसळणारा योसेमिटी धबधबा ऑगस्टपर्यंत पुष्कळदा आटूनही जातो. दरीचा तळ सुमारे ४,००० फूट उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा किंचित खालीच आहे. त्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही.

धबधब्याच्या पायथ्याची फेरी सुमारे एक मैलाची असून वाट पक्की आहे. जवळच्या कुक्स मेडो या कुरणातील वाटही जवळजवळ सपाट असून तेथून धबधबा दूरवरून डोळे भरून पाहता येतो. याउलट ‘मिस्ट ट्रेल’ ही प्रसिद्ध वाट व्हर्नल धबधब्यासमोरील पुलापर्यंतच सुमारे ४०० फूट चढते. पुढे तुषारांनी निसरड्या झालेल्या सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. गुडघेदुखी, तोल जाणे किंवा हृदयविकार असलेल्यांनी या वाटेचा मोह टाळावा. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांवर खरा भार उतरताना पडतो, हे विसरू नये.

चालताना सहज बोलता येईल एवढीच गती ठेवावी. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे. मात्र हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असल्यास तेच पाळावे. मधुमेहींनी खिशात साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात आणि रोज रात्री तळपाय तपासून घ्यावेत.

सायकल आणि फुले

दरीत बारा मैलांहून अधिक लांबीचे सायकलमार्ग आहेत. तथापि, अनेक वर्षांत सायकल न चालवलेल्यांनी येथे नव्याने प्रयोग करू नये. नातवंडे सायकलवर निघाली, तर आजी-आजोबांनी दरीत फिरणाऱ्या मोफत बसने पुढच्या थांब्यावर जाऊन त्यांची वाट पाहावी. भेट व्हायची ती होतेच.

फुले पाहण्यास घाई चालतच नाही. उद्यानाच्या पश्चिमेकडील सखल टेकड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये केशरी पॉपी फुलते. दरीत एप्रिल-मेमध्ये डॉगवुडची झाडे पांढरी होतात. त्या पांढऱ्या पाकळ्या वस्तुतः पाकळ्या नसून रूपांतरित पाने असतात, अगदी आपल्या बोगनवेलीसारख्या. खरी फुले मधल्या हिरवट गेंदात दडलेली असतात. नातवंडांना हे दाखवण्याचे काम आजोबांइतके कोण निवांतपणे करील? फूल तोडण्यास मात्र मनाई आहे.

तंबूतील रात्र

एप्रिलमध्ये रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास उतरते. उतारवयात शरीराची ऊब लवकर कमी होते, म्हणून कानटोपी, पायमोजे आणि कपड्यांचे दोन-तीन थर हवेतच. जमिनीवरून उठणे कठीण जाते. त्यासाठी घडीची खाट न्यावी. तंबू स्वच्छतागृहाजवळ असावा आणि उशाशी विजेरी असावी. रात्री उठताना आधी मिनिटभर बसावे, मगच उभे राहावे. एकदम उठल्याने रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. इन्शुलिन गोठल्यास निकामी होते, म्हणून ते थंड गाडीत ठेवू नये.

येथे अस्वलांचा वावर आहे. लाडू-चिवडाच नव्हे, तर टूथपेस्ट आणि वासाचे मलमही तळावरील लोखंडी पेटीतच ठेवावे लागते. पेटी बंद करण्यापूर्वी गुडघ्यांना मलम चोळून घ्यावे!

निघण्यापूर्वी

डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत आणि प्रवासविम्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का, ते वाचून पाहावे. मुलांनी बेत ठरवताना “तुम्ही येणार का?” असे न विचारता “तुम्हांला काय पाहायला आवडेल?” असे विचारावे. ज्येष्ठांनीही भिडेपोटी होकार देऊ नये. आपल्याला किती चालवते, कोठे थांबावेसे वाटते, हे आधीच मोकळेपणाने सांगावे. त्या उत्तरावर पहिला दिवस आखला, तर पुढचे दिवस आपोआप बेताचे होतात.